तिसऱ्या रकान्यातला रंग

सोमवारी दुपारी साडेतीन वाजता माझ्या वडिलांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. मी तेव्हा बारावीत होते आणि माझी रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी होती.

नोटीस एका पानाची, टंकलिखित होती. आशय असा: कन्नड तालुक्यातल्या एका गावच्या पिण्याच्या विहिरीत शुक्रवारी सकाळी साडेसहा वाजता औषध टाकल्याची आणि रंग टिकल्याची नोंद आपण केली आहे. त्याच दिवशी सकाळी साडेनऊ वाजता वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पाहणी केली तेव्हा पाण्याला कोणताही रंग नव्हता. सबब औषध न टाकता खोटी नोंद केल्याबद्दल आपणास सेवेतून कमी का करू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.

त्या गावात त्या आठवड्यात सात जणांना जुलाब-उलट्या झाल्या होत्या. सातही जण पुढे बरे झाले. पण नोटीस निघाली तेव्हा दोघे दवाखान्यात होते.

वडिलांना आम्ही आण्णा म्हणत असू. ते आरोग्य खात्यात होते. कागदावरचा हुद्दा लांबलचक होता; गावोगावी त्यांना ‘लाल औषधवाले’ म्हणत. लाल औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. काळपट जांभळे, सुईसारखे बारीक खडे. पाण्यात पडले की आधी जांभळी रेघ सुटते, मग सगळे पाणी गुलाबी होते.

कामाची पद्धत ठरलेली होती. विहिरीतले पाणी दोराने मोजायचे. दोराला हाताहातावर गाठी असत. किती गाठी भिजल्या त्यावरून पाणी किती, आणि पाणी किती त्यावरून औषध किती. औषध बादलीत विरघळवायचे, ती बादली विहिरीत सोडून वरखाली हिसडायची. मग अर्धा तास थांबायचे. अर्ध्या तासाने पाणी फिकट गुलाबी असेल तर काम झाले. रंग गेला असेल तर पुन्हा औषध टाकायचे. नोंदवहीत तीन रकाने होते: कोणती विहीर, औषध टाकल्याची वेळ, आणि रंग. तिसऱ्या रकान्यात ‘टिकला’ किंवा ‘गेला’ यांपैकी एक शब्द लिहायचा. त्या वह्या घरी माळ्यावर पडलेल्या असत आणि लहानपणी मी त्या चाळत असे. ‘गेला’ हा शब्द त्यांत वाचल्याचे मला आठवत नाही.

मी शहरात औरंगपुऱ्यात मावशीकडे राहत होते. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. मावशीच्या दोन खोल्या एका किराणा दुकानाच्या वर होत्या. खालून दिवसभर तराजूचा आणि घासाघिशीचा आवाज येई. अभ्यास करायची जागा म्हणजे गॅलरीतली लोखंडी पत्र्याची ट्रंक. आण्णांची नोकरी गेली असती तर ती ट्रंक उचलून मला गावी परत जावे लागले असते. हे कोणी बोलून दाखवले नाही. तशी गरज नव्हती.

त्या महिन्यात माझा अभ्यास चालत नव्हता. एका धड्यावर मी तीन आठवडे अडले होते. ऑक्सिडीकरण आणि क्षपण. शाळेत शिकलो ते सोपे होते: ऑक्सिजन मिळाला की ऑक्सिडीकरण, ऑक्सिजन निघून गेला की क्षपण. लोखंड गंजते, तांबे काळे पडते. महाविद्यालयात सांगितले की ऑक्सिजन असलाच पाहिजे असे नाही. ज्याच्याकडून इलेक्ट्रॉन जातात त्याचे ऑक्सिडीकरण, ज्याच्याकडे येतात त्याचे क्षपण. मी दोन्ही व्याख्या वहीच्या दोन वेगवेगळ्या पानांवर लिहिल्या आणि वेगवेगळ्या पाठ केल्या. विचारले की एक पान आठवे, दुसरे आठवत नसे.

सर वर्गात फिरत प्रश्न विचारत. एकदा माझ्याजवळ थांबले.

“पोटॅशियम परमँगनेट काय आहे?”

“ऑक्सिडीकारक, सर.”

“मग अभिक्रियेत त्याचं स्वतःचं काय होतं?”

“ऑक्सिडीकरण.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. “शिंपी कापड शिवतो,” ते म्हणाले. “स्वतःला शिवून घेतो का? खाली बस.”

मी खाली बसले. शिंप्याचे कळले. परमँगनेटचे कळले नाही.

नोटीस येण्याच्या आदल्या शनिवारी प्रयोगशाळेत माझे अनुमापन फसले होते. निमुळत्या तोंडाच्या काचेच्या चंबूत ऑक्झॅलिक आम्ल घ्यायचे, त्यात सौम्य गंधकाम्ल मिसळायचे, ते हाताला चटका बसेल इतके गरम करायचे, आणि वरच्या लांब काचनळीतून परमँगनेट थेंबथेंब सोडायचे. पडलेला थेंब जांभळा असतो. चंबू हलवला की रंग नाहीसा होतो. ज्या थेंबाला रंग जात नाही, अर्धा मिनिट फिकट गुलाबी राहतो, तिथे थांबायचे. मी घाईत आम्ल गरमच केले नाही. थेंब पडत राहिले, रंग जाईना, म्हणून मी लगेच थांबले. मग दोन मिनिटांनी रंग गेला. पुन्हा सोडले. शेवटी चंबूत तपकिरी गढूळ पाणी उरले. सरांनी ते उजेडात धरून पाहिले आणि म्हणाले, “हा चहा कुणासाठी केलास?”

मंगळवारी सकाळी अकरा वाजता आण्णा एसटीने आले. नोटीस त्यांनी शर्टाच्या आत बनियनच्या खिशात ठेवली होती; घामाने तिची घडी मऊ झाली होती. खुलासा चांगल्या अक्षरात आणि चांगल्या भाषेत लिहून हवा होता. ते बसले नाहीत. दारापासून गॅलरीपर्यंत सात पावले होती, ती ते चालत राहिले.

“दाजी, बसा तरी,” मावशी म्हणाली. “खुर्ची काय चावती का?”

“बसून काय करू?”

“उभं राहून काय करायलात?”

मी नोटीस दोनदा वाचली. मग विचारले, “आण्णा, औषध टाकलं होतं ना?”

“टाकलं.”

“किती?”

“मापानं. पाणी निम्म्यावर आलंय, म्हणून औषधही निम्मं.”

“आणि साहेबांना रंग दिसला नाही.”

“तेच की. रंग नाय म्हणजे औषध नाय, असं म्हणतेत. सरपंचानंही सांगितलं, पाणी साफ होतं म्हणून.” ते गॅलरीच्या कठड्याला टेकले, पुन्हा सरळ झाले. “वीस वर्षं बोटं रंगवली. कुणाला दाखवू?”

त्यांनी हात पुढे केला. उजव्या हाताची तीन बोटे पेरापर्यंत तपकिरी होती. ते डाग साबणाने जात नसत. आई रोज संध्याकाळी त्यांना अर्धे लिंबू कापून देई.

मावशीनेही तेच केले. चहाबरोबर अर्धे लिंबू बशीत ठेवले. “साहेबासमोर अशीच बोटं घेऊन जाणार व्हय? चोळा.”

“साहेबाला बोटंच दाखवायचीत,” आण्णा म्हणाले. तरी त्यांनी सवयीने लिंबू उचलले आणि चोळले. डाग गेला. एकदम गेला, नेहमी जातो तसा. मी हे शेकडो वेळा पाहिले होते.

त्या दिवशी मी त्यांना विचारले, “हे कसं जातं?”

“लिंबानं जातं.”

“पण का?”

“लई दिवसांपासून जातं,” आण्णा म्हणाले. “तू खुलासा लिही.”

मी वही काढली, पण खुलाशाची नाही. दोन वेगवेगळ्या पानांवरच्या दोन व्याख्या एकाखाली एक लिहिल्या. बोटावरचा तपकिरी डाग म्हणजे परमँगनेटमधल्याच मँगनीजचा. तसाच तपकिरी रंग माझ्या चंबूत उरला होता. लिंबाचा रस त्या डागाला इलेक्ट्रॉन देतो, डाग ते घेतो आणि रंगहीन होऊन पाण्यात विरघळतो. देतो त्याचे ऑक्सिडीकरण, घेतो त्याचे क्षपण. एक झाल्याशिवाय दुसरे होत नाही. दोन्ही एकाच वेळी, एकाच बोटावर. चंबूत देणारे होते ऑक्झॅलिक आम्ल. परमँगनेट दुसऱ्याचे ऑक्सिडीकरण करते आणि ते करताना स्वतः खर्ची पडते, म्हणून त्याचा रंग जातो. रंग जाणे ही परमँगनेट नसल्याची खूण नव्हती. ते होते आणि वापरले गेले, याची ती खूण होती.

वर्गात मी केलेली चूक आणि नोटिशीतली चूक फार लांबच्या नव्हत्या.

“आण्णा, त्या विहिरीत काय पडतं?”

“काय पडणार? उंबर पडतो.”

विहिरीच्या काठावर जुना उंबर होता. त्याच्या फांद्या विहिरीवर आलेल्या होत्या. फळे पिकली की पाण्यात गळत आणि तळाशी कुजत. उंबराला कोणी कोयता लावू देत नसे. उंबराच्या मुळाशी असलेले पाणी गोड असते, अशी गावाची समजूत होती. फेब्रुवारीत पाणी खाली गेले होते आणि फळे सुरू झाली होती.

“पाणी निम्मं झालं,” मी म्हणाले, “पण कुजका माल निम्मा झाला नाही. औषध पाण्याला लागत नाही, घाणीला लागतं. निम्म्या औषधाला सगळी घाण पुरून उरली.”

आण्णा प्रथमच थांबले. “मग दोर कशाला मोजायचा?”

दोराचे कोष्टक खात्यानेच दिलेले होते.

“हे लिहिता येईल,” मी म्हणाले. “फक्त, अर्ध्या तासानं तुम्ही रंग पाहिला तेव्हा किती होता?”

ते पुन्हा चालू लागले. गॅलरीपर्यंत गेले, परत आले.

“पाहिला नाय,” ते म्हणाले.

त्या सकाळी त्यांच्याकडे तीन गावांच्या तीन विहिरी होत्या आणि एक सायकल. अर्धा तास प्रत्येक विहिरीवर थांबले तर तिसऱ्या विहिरीवर पोचेपर्यंत बायका पाणी भरून गेलेल्या असत. म्हणून सगळेच कर्मचारी एक करत: पहिल्या विहिरीवरच तिन्ही ओळींचे तिन्ही रकाने भरून टाकत. वेळा अंदाजाने, रंग ‘टिकला’. हे आण्णांनी मला त्या दिवशी सांगितले. मी इतर कोणाकडून त्याची खात्री केलेली नाही.

“सगळेच तसं भरतेत,” ते म्हणाले. “लिही: अर्ध्या तासाने पाहणी केली, रंग टिकला होता.”

मी लिहिले नाही.

“लिही ना.”

“रंग टिकला होता असं लिहिलं, तर साडेनऊला तो गेला कसा?”

“नंतर गेला असंल.”

“अर्धा तास टिकला म्हणजे घाण संपली, असं तुमचाच नियम म्हणतो. मग साडेनऊला पाणी गुलाबीच असायला पाहिजे. साहेबांनी पाहिलं तेव्हा ते साफ होतं. म्हणजे औषध टाकलंच नाही, हेच सिद्ध होतं. रंग गेला होता, असं लिहिलं तरच औषध टाकलं होतं हे खरं ठरतं.”

“म्हंजे वही खोटी भरली, हे लिहून द्यायचं.”

“हो.”

मावशी ओट्यापाशी होती. तिने पळी ठेवली. “कशाला शिकवलं हिला? घरातल्याच माणसावर कागद करायला?”

“मावशी, मी कागद करत नाही.”

“मग काय करायलीस? भल्या माणसानं वीस वर्षं पाणी पाजलं गावाला. एक रकाना भरला तर आभाळ कोसळलं का?”

“सात जण आजारी पडले,” आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मग ते जिना उतरून खाली गेले.

ते चाळीस मिनिटांनी परत आले. तोवर मी पहिला परिच्छेद तीन वेळा लिहिला आणि तीन वेळा फाडला. मावशीने तीच भांडी पुन्हा घासली. खाली दुकानात कोणीतरी शेंगदाण्याच्या भावावरून वाद घालत होते. आण्णा येऊन खुर्चीवर बसले.

“जसं झालं तसं लिही,” ते म्हणाले. “पण औषध टाकलं, हे वर लिही.”

खुलासा दीड पानाचा झाला. औषध टाकल्याची वेळ, माप, दोराच्या भिजलेल्या गाठी. नंतर: अर्ध्या तासाने पाहणी केली नाही, तिसरा रकाना पाहणीआधी भरला. नंतर: उंबराच्या कुजलेल्या फळांमुळे औषध लवकर खर्ची पडले असावे, तरी याची प्रत्यक्ष पडताळणी व्हावी. शेवटचे वाक्य माझे होते. आण्णांनी सही केली आणि तीन वाजताच्या गाडीने परत गेले.

बुधवारी प्रात्यक्षिकाच्या सरावानंतर मी सरांना सगळे सांगितले. त्यांनी मध्ये एकदाच विचारले.

“मग परमँगनेटचं काय होतं?”

“क्षपण, सर. फळांचं ऑक्सिडीकरण होतं, परमँगनेटचं क्षपण. त्याचा रंग जातो तो त्यामुळे.”

“शिंप्याचा दोरा संपला,” सर म्हणाले. “पडताळणीला एकच भांडं नेऊ नकोस. तुलनेला दुसऱ्या विहिरीचं पाणी लागेल. दोन्हींत औषध सारखं. भांडी काचेची ने. आणि घरच्या बरण्या नेशील तर लोणच्याच्या नको. धुतल्या तरी वास राहतो, आणि वास राहतो म्हणजे माल राहतो.”

खालच्या दुकानदाराने गोळ्यांच्या दोन रिकाम्या बरण्या दिल्या. मावशी माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हती, पण त्या बरण्या तिने राखेने तीनदा घासल्या आणि उन्हात पालथ्या घातल्या.

खुलासा गुरुवारी दाखल झाला. शनिवारी निरोप आला: वैद्यकीय अधिकारी मंगळवारी सकाळी विहिरीवर पडताळणी करतील. परीक्षा बुधवारी सकाळी होती. सोमवारी संध्याकाळी मी बरण्या धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळून एसटीत बसले. बरण्या मांडीवर होत्या. खड्डा आला की त्या एकमेकींवर आपटत. प्रत्येक आवाजाला मी फडके सोडून पाहत होते. देवगाव रंगारीच्या पुढे गाडी बंद पडली आणि पाऊण तास उभी राहिली. त्या पाऊण तासात मी अनुमापनाच्या पायऱ्यांचे पान वाचायला काढले आणि एकही ओळ वाचली नाही.

मंगळवारी सकाळी सव्वानऊला विहिरीवर अधिकारी, सरपंच, आण्णा, मी आणि पाणी भरायला आलेल्या काही बायका एवढे लोक होतो. अधिकारी तिशीतले होते, कपाळाला आठ्या घालून बोलत.

“ही कोण?” त्यांनी विचारले.

“माझी पोरगी. शहरात शिकती. रसायन शिकती,” आण्णा म्हणाले.

“वकील आणलाय म्हणा की,” सरपंच म्हणाले. एक-दोघी हसल्या.

“औषध मी टाकणार,” अधिकारी आण्णांना म्हणाले. “तुम्ही हात लावायचा नाही.”

एका बरणीत या विहिरीचे पाणी भरले, तळापासून शेंदलेले. दुसऱ्या बरणीत अर्ध्या मैलावरच्या एका शेतातल्या विहिरीचे. तिच्याजवळ झाड नव्हते. अधिकाऱ्यांनी औषध एका ग्लासात विरघळवले आणि दोन्ही बरण्यांत चमच्याने सारखेच घातले. दोन्ही गुलाबी झाल्या. बरण्या विहिरीच्या कठड्यावर शेजारीशेजारी ठेवल्या. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहून वेळ लिहिली: नऊ पस्तीस.

पहिली दहा मिनिटे काहीच झाले नाही. दोन्ही बरण्या सारख्याच दिसत होत्या. आण्णा विहिरीभोवती चालत होते. मी बरण्यांसमोर बसले होते. उठून सावली बदलली, पुन्हा बसले. एकटक पाहिले की रंग गेल्यासारखा वाटे, नजर हलवली की परत आल्यासारखा. सरपंचांनी तंबाखू मळली, खाल्ली, थुंकली.

“गुलाबाचं सरबत आहे दोन्ही,” ते म्हणाले. “साहेब, पिऊन टाकू का?”

नऊ पन्नासला उंबराच्या विहिरीच्या बरणीतला गुलाबी रंग मातकट झाला. दहा वाजता तो तपकिरी होता. दहा वाजून पाच मिनिटांनी वरचे पाणी जवळजवळ रंगहीन होते आणि तळाशी तपकिरी साका बसत होता. शेजारची बरणी गुलाबी होती.

अधिकाऱ्यांनी दोन्ही बरण्या उचलून उन्हात धरल्या. “म्हणजे रंग जाऊ शकतो,” ते म्हणाले. “पण त्या दिवशी औषध टाकलं होतं, हे यावरून ठरत नाही.”

हे खरे होते.

घागरी घेऊन उभ्या असलेल्यांपैकी पन्नाशीची एक बाई पुढे आली. बरणीकडे बोट दाखवून म्हणाली, “आमच्या हिरीचं असंच आहे साहेब. रंग लवकर जातो. म्हणून तर पाणी चांगलं.”

“चांगलं कसं?”

“औषध मुरलं की रंग जातो. रंग हाय तवर आम्ही भरत नाय. तोंडाला कसंतरी लागतं, डाळ शिजत नाय.”

अधिकारी तिच्याकडे वळले. “त्या शुक्रवारी रंग होता?”

“व्हय. मी चार घागरी रिकाम्या ठेवून इथंच बसले होते, या दगडावर. लाल होतं पाणी. उन्हं वर आली तवा गेला रंग, मग भरलं.”

“हे आधी का नाही सांगितलं?”

“मला कुणी इचारलं?” बाई म्हणाली. “तुम्ही सरपंचाला इचारलं. सरपंच कधी पाणी भरतो का?”

अधिकाऱ्यांनी तिचे म्हणणे लिहून घेतले आणि खाली तिचा अंगठा घेतला. दुसऱ्या दोघींनीही तेच सांगितले: औषधाच्या दिवशी रंग जाईपर्यंत थांबायचे आणि रंग गेला की भरायचे. गावात सगळीकडे असेच करत. आजारी पडलेल्या सातांत त्या बाईची सून होती.

अधिकाऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला. “मग यांनी काय करायला हवं?”

“रंग गेला तर भरू नये,” मी म्हणाले. “रंग टिकला तर भरावं.”

“लाल पाणी?” बाई म्हणाली.

“फिकट लाल.”

तिने रिकामी घागर उचलली आणि शेतातल्या विहिरीच्या वाटेला लागली. बाकीच्या तिथेच उभ्या राहिल्या.

दुपारच्या गाडीने मी परत आले. बरण्या आण्णांनी ठेवून घेतल्या. बुधवारी परीक्षेत चिठ्ठी उचलली तर त्यात ऑक्झॅलिक आम्ल आणि परमँगनेट होते. मी चंबू गरम केला. पहिल्या थेंबाचा रंग जायला वेळ लागला, नंतरचे झटपट गेले. तीन वाचने घेतली. दोन सारखी आली, तिसरे किंचित वेगळे. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले की रंग अर्धा मिनिट टिकायला का हवा. मी सांगितले की देणारे संपले आहे, हे कळण्यासाठी. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

चौकशीचा निकाल एप्रिलमध्ये आण्णांच्या हातात पडला. औषध टाकले नाही हा आरोप सिद्ध झाला नाही. पाहणी न करता नोंद केली हा आरोप सिद्ध झाला. लेखी ताकीद देण्यात आली आणि सेवापुस्तकात तशी नोंद झाली. ती नोंद त्यांच्या निवृत्तीपर्यंत तिथे होती. नोकरी राहिली. उंबर तोडला नाही. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. ती बाई त्यानंतर कोणत्या विहिरीचे पाणी भरत होती, ते मला माहीत नाही.

आण्णांच्या त्यानंतरच्या वह्या माझ्याकडे आहेत. पहिल्या वहीत एप्रिलच्या एका पानावर त्याच विहिरीची ओळ आहे. तिसरा रकाना अरुंद असल्याने अक्षर बारीक आहे आणि समासात गेले आहे. औषध टाकल्याची वेळ सहा दहा. त्यापुढे: ‘सहा चाळीस, रंग गेला. पुन्हा टाकले. सात पंधरा, रंग गेला. पुन्हा टाकले. सात पन्नास, रंग टिकला.’